तराजूचा काटा आणि मनातला काटा

श्रोतेहो, बऱ्हाणपूर शहरातील राजपुरा या वस्तीत आमच्या आप्तांचे एक जुने घर आहे. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने तेथे चार दिवस राहण्याचा योग आला. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले तरी तापीकाठचे हे गाव खानदेशाला इतके लगटून आहे, की पंगतीत बसल्यावर आपण परप्रांती आलो आहोत असे मुळीच वाटत नाही. पानावर वांग्याचे भरीत होते, पुऱ्या होत्या, तुपात मुरलेला रवाळ दराबा होता, आणि या गावची प्रसिद्ध मावा-जिलबी होती. शिवाय आग्रह करणारे चार हात होते. आमची एक भाची महाविद्यालयात शिकते. तीही त्या पंगतीत मनापासून जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काही खाल्ले नाही. दुपारी पानावर बसली नाही. संध्याकाळी माडीचा जिना चढताना तिला भोवळ आली. पाणी पाजून, बसवून, मी विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मामा, काल मी ठरल्यापेक्षा दुप्पट खाल्लं. आज दिवसभर उपाशी राहिले, की हिशेब जुळेल."

"आणि नाही जुळला तर?"

"म्हणून तर रात्रभर झोप नाही. मोबाईलमध्ये मी रोजचे उष्मांक लिहिते. कालची जिलबी मात्र लिहिलीच नाही. लिहायचं धाडसच झालं नाही."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. चोरी कोणाची, आणि लपवायची कोणापासून? वही तिची, जेवण तिचे, पोटही तिचेच! तरी त्या वहीपुढे ती एखाद्या आरोपीसारखी उभी होती. अन्न मोजणे ही गोष्ट नवी नाही. फार जुनी आहे. मग मोजण्याच्या तराजूचा हा काटा माणसाच्या मनात केव्हा रुतला? आजच्या भाषणात याच प्रश्नाचा मागोवा मी घेणार आहे.

आरंभ कोसल देशापासून करू. बौद्ध वाङ्मयातील संयुत्तनिकायात राजा पसेनदीची एक हकीकत आहे. हा राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच आकंठ जेवून, धापा टाकीत तो भगवान बुद्धांच्या दर्शनाला आला. बुद्धांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, की त्याला उपवासही सांगितला नाही. जो सावधपणे, प्रमाण ओळखून जेवतो त्याच्या वेदना कमी होतात, एवढ्याच आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले, आणि त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देण्याचे ठरवले. पुढे राजाचा आहार क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले, आणि स्वतःच्या शरीरावरून हात फिरवीत तो संतोषाने बुद्धांचे उपकार आठवू लागला, अशी ही कथा आहे. येथे माप आहे, रोजची आठवणही आहे. परंतु अपराध कोठेच नाही. सुदस्सन हा राजाचा सोबती होता, पहारेकरी नव्हता.

आता दुसरे चित्र पाहू. आपल्या धर्मशास्त्रात चांद्रायण नावाचे एक प्रायश्चित्त आहे. त्यात घास मोजून खावयाचे असतात. पौर्णिमेला पंधरा घास, वद्य पक्षात चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास कमी, अमावास्येला उपवास, आणि शुद्ध पक्षात पुन्हा रोज एक घास अधिक. येथे अन्नाची मोजणी उघडउघड पापाशी जोडलेली आहे. तेव्हा मोजून खाणे आणि अपराध यांचा संबंध आपल्याकडे नव्हताच, असे म्हणता येणार नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की हे प्रायश्चित्त मुख्यतः अन्य दोषांसाठी सांगितलेले होते. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या अधिक खाल्ल्या म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चांद्रायणाला शेवटचा दिवस होता. महिना पुरा झाला, की माणूस शुद्ध होऊन पुन्हा आपल्या माणसांत पंगतीला बसत असे. मोबाईलमधल्या वहीला असा शेवटचा दिवस नाही. तेथे मध्यरात्री नवे पान उघडते, आणि मनातली जुनी बाकी मात्र पुढे ओढली जाते. ज्या प्रायश्चित्ताला समाप्ती नाही, ते प्रायश्चित्त राहत नाही. ती शिक्षा होते.

निग्रहाची सक्ती केल्याने काय घडते, हे पाहावयाचे तर राजपुऱ्यापासून दूर जाण्याचे कारण नाही. याच बऱ्हाणपुरात त्याचे एक करुण उदाहरण घडले. 1601 साली असीरगड घेतल्यावर अकबराने खानदेश आपला मुलगा दानियाल याच्याकडे सोपवला, आणि त्याच्या नावावरून या प्रांताचे नाव दानदेश ठेवले. दानियाल मद्याच्या आहारी गेला होता. बापाने ताकीद दिली. खानखानान अब्दुर्रहीम याने बादशहाच्या हुकुमाप्रमाणे पहारे बसवले, आणि मद्य आत येण्याच्या सर्व वाटा बंद केल्या. तेव्हा त्या राजपुत्राने रडून, विनवण्या करून एका बंदूकधारी सेवकाला वश केले, आणि आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीत मद्य भरून आणवले. दारूगोळ्याची काजळी आणि लोखंडाचा गंज त्यात विरघळला. ते पिऊन तो आजारी पडला, आणि 1605 साली याच शहरात त्याचा अंत झाला. ही हकीकत त्याचा थोरला भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात स्वतः नोंदवली आहे.

जहांगीरही त्याच व्यसनात सापडलेला होता. पण त्याच्या लेखनात एक नवल आहे. त्याने आपल्या पिण्याचा हिशेब लपवला नाही. अठराव्या वर्षी आरंभ झाला, नऊ वर्षांत प्रमाण वाढत वाढत दिवसाला दुबार गाळलेल्या अर्काचे वीस प्याले झाले, चौदा दिवसा आणि उरलेले रात्री, त्यांचे वजन हिंदुस्थानी मापाने सहा शेर, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे. हात इतका थरथरू लागला, की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. तेव्हा हकीम हुमाम याने त्याला निर्भयपणे बजावले, की असेच चालले तर सहा महिन्यांनी उपाय उरणार नाही. जहांगीराने एका दिवसात सर्व सोडण्याची शपथ घेतली नाही. अर्कात द्राक्षासव मिसळून आणि रोज थोडे थोडे कमी करून त्याने सात वर्षांत वीस प्याल्यांचे सहा केले. तो पूर्ण मुक्त झाला असे मात्र नाही. मद्य कमी होत गेले तसे अफूचे मिश्रण वाढत गेले, हेही त्यानेच लिहिले आहे. त्याला आदर्श मानण्याचे कारण नाही. परंतु दोन भावांमधला भेद विचार करण्यासारखा आहे. एकाभोवती पहारा होता, आणि त्याला चोरवाट सापडली. दुसऱ्याजवळ उघडी वही होती, आणि त्याला निदान उतरण्यासाठी पायऱ्या सापडल्या.

कोणी म्हणेल, मद्य आणि अन्न यांची तुलना कशाला? आक्षेप रास्त आहे. मद्य अजिबात सोडता येते. अन्न सोडता येत नाही. रोज दोन वेळा त्याच्याच समोर बसावे लागते. म्हणूनच अन्नाच्या बाबतीत पहाऱ्याची रीत अधिकच निष्फळ ठरते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही आपली म्हण काही उगाच पडलेली नाही. ज्या दिवशी निषेध कडक, त्याच दिवशी साबुदाणा, रताळी आणि शेंगदाणे यांचा डोंगर उभा राहतो, हे आपल्या पूर्वजांनी हसतहसत ओळखले होते.

या शहराच्या इतिहासात अन्नाच्या मोजणीचे आणखी एक पान आहे. त्याच्यापुढे आपली जिलबीची चिंता फार लहान वाटू लागते. 1630 ते 1632 या वर्षांत गुजरात आणि दख्खन यांवर भीषण दुष्काळ कोसळला. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहान त्या वेळी बऱ्हाणपुरात होता. 1631 साली मुमताजमहल हिचे निधन झाले ते येथेच. बादशाहनाम्यात अशी नोंद आहे, की बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांत येथे भुकेलेल्यांसाठी लंगर उघडले, आणि रोज पेज व भाकरी वाटली. त्याखेरीज बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस सोमवारी एक लाख रुपये वाटण्यात आले. संकटाच्या मानाने ही मदत थोडीच होती. पण अन्नाचे माप त्या वेळी कशासाठी होते ते पाहा. कोणी अधिक खाल्ले हे पकडण्यासाठी ते नव्हते. कोणाला किती पुरेल हे ठरवण्यासाठी होते. त्याच काळात बादशहाची वर्षातून दोनदा सोन्याने आणि धान्याने तुला होत असे, आणि ते द्रव्य दान केले जात असे. शिवछत्रपतींचीही 1674 साली रायगडावर राज्याभिषेकप्रसंगी तुला झाली. तराजूत बसलेला माणूस जड भरला, तर त्याला लाज वाटण्याचे कारण नव्हते. याचकाच्या पदरात तेवढे अधिक पडत होते.

पुढे इंग्रजी अमलात माप उलट बाजूने वापरले गेले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरे, असे ठरवले. त्या धान्यावर दिवसभर खडी फोडावयाची होती! मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणाला कडाडून विरोध केला. आपल्याकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न हाती घेतला, आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामे सोडली. अन्नाचे माप आणि न्याय यांचा खरा संबंध येथे आहे. माणसाला किती लागते हे ठाऊक नसले, तर कमी देणाऱ्याला जाब विचारता येत नाही.

आज आपण ज्याला उष्मांक म्हणतो, त्याचा जन्म याच प्रश्नातून झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाच्या पात्रात गिनीपिग ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले, आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे असे दाखवले. 1890 नंतरच्या दशकात अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस राहू शकेल एवढी तांब्याच्या अस्तराची बंद खोली तयार करवली. तिच्यात माणसाला दिवसेंदिवस ठेवून, त्याने खाल्लेले अन्न आणि बाहेर टाकलेली उष्णता यांचा मेळ घातला. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन म्हणजे चार उष्मांक, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे नऊ, हा आजचा हिशेब त्यांच्याच कार्यातून आलेला आहे. कष्टकरी माणसाला थोड्या पैशात पुरेसे पोषण कसे मिळेल, ही त्यांची तळमळ होती. आपल्या देशात निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत मॅकॅरिसन आणि त्यांच्यानंतर आयक्रॉइड यांनी हेच कार्य केले. भारतीय धान्ये, डाळी आणि भाज्या यांची पोषणमूल्ये सांगणारी पुस्तिका 1937 साली तेथून निघाली. ती प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादला गेली, आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय अन्नाच्या या सर्व कोष्टकांच्या मुळाशी एकच विचार होता, आणि तो म्हणजे अर्धपोटी राहणाऱ्यांचा.

मग हा काटा मनात कोणी रोवला? याचे उत्तर एका व्यक्तीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु एक टप्पा निश्चित दाखवता येतो. 1918 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत डॉ. लुलू हंट पीटर्स या वैद्यकीय स्त्रीचे आहार आणि उष्मांक यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पावाचा तुकडा न म्हणता इतक्या उष्मांकांचा पाव म्हणा, असा त्यांचा उपदेश होता. पुस्तक विनोदी होते, आणि पुढील काही वर्षे ते अत्यंत खपाच्या पुस्तकांत गणले गेले. पण युद्धकाळात अन्न वाचवणे हे देशकर्तव्य मानले जात होते, आणि त्यामुळे अंगावरची चरबी ही जणू साठेबाजी ठरली. प्रयोगशाळेतला आकडा अशा रीतीने घरातल्या आरशासमोर येऊन उभा राहिला. ज्या मापाने गरिबाच्या ताटात काय कमी आहे ते पाहावयाचे, त्याच मापाने सुखवस्तू माणूस स्वतःच्या ताटात काय अधिक आहे ते पाहू लागला. आणि 'अधिक' या साध्या शब्दाचा अर्थ हळूहळू 'पाप' असा झाला.

या पापभावनेचा शरीराला काही उपयोग होतो काय? 1944 च्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेल्या एका प्रयोगात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसे जेऊ घालावे, हे त्यांना शोधावयाचे होते. ते तरुण सदाचारी होते, निग्रही होते. तरी काही दिवसांनी त्यांना अन्नाखेरीज दुसरे सुचेना. कोणी पाककृती वाचू लागला, कोणी नियम मोडून खाऊन आला आणि खंतावला. निर्बंध उठल्यावर कित्येकांना पोट भरूनही तृप्ती होईना. उपासानंतर होणारे अतिभोजन हा स्वभावाचा दोष नसून शरीराचा धर्म आहे, हे त्यावरून दिसले. 1975 साली झालेला दुसरा एक प्रयोग असाच बोलका आहे. काही व्यक्तींना आधी दुधाचे गोड पेय दिले, आणि मग हवे तेवढे आइसक्रीम खाण्यास सांगितले. आहारावर बंधन न घालणाऱ्यांनी पेयानंतर कमी आइसक्रीम खाल्ले. स्वतःवर सतत बंधन घालणाऱ्यांनी मात्र अधिक खाल्ले! एकदा नियम मोडलाच आहे, मग आता काय राखावयाचे, असे त्यांच्या मनाने घेतले. अपराधाची टोचणी अतिभोजनाला आवर घालीत नाही. पुष्कळदा तीच पुढच्या अतिभोजनाचे दार उघडते.

श्रोतेहो, त्या संध्याकाळी मी भाचीला हा सारा इतिहास सांगितला नाही. भोवळ आलेल्या मुलीला आधी वरणभात द्यावयाचा असतो, इतिहास नंतर. तिने थोडे खाल्ले, तेव्हा एवढेच म्हणालो, "बाळ, ती जिलबी लिही."

"आता कशाला, मामा? आकडा फार मोठा होईल."

"होऊ दे. जहांगीर बादशहाने वीस प्याले लिहिले. तुला तीन जिलब्या लिहिता येत नाहीत? पण आकड्यापुढे आणखी एक ओळ लिही, की मावशीच्या मुलीचं लग्न होतं."

ती हसली. मग दानियाल कोण आणि बंदूक कसली, हे तिने स्वतःच विचारले, आणि आम्ही बराच वेळ माडीवर बोलत बसलो.

मोजणे वाईट आहे, असे मला म्हणावयाचे नाही. मधुमेह किंवा अन्य विकार असलेल्याला वैद्याने सांगितलेले माप पाळलेच पाहिजे. पण माप हे वैद्याचे साधन आहे. ते न्यायाधीशाच्या हाती देऊ नये. एका पंगतीने कोणी स्थूल होत नाही, आणि एका उपवासाने कोणी कृश होत नाही. प्रत्येक हलवायाची जिलबी निराळी. वहीतला आकडा हा अदमास असतो, निवाडा नव्हे. जास्त खाल्ले गेले, तर दुसऱ्या दिवशीचे जेवण चुकवू नये. नेहमीच्या वेळी, नेहमीसारखे, भूक पाहून जेवावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिशय खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही असे लगेच पुढे सांगितले आहे. आपण पहिला भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो. एखाद्याला खाल्ल्यावर वारंवार उलटी काढण्याची, किंवा दिवस दिवस उपाशी राहण्याची सवय जडली असेल, तर मात्र उपदेश करीत न बसता त्याला प्रेमाने डॉक्टरांकडे न्यावे. तो हट्ट नसतो, आजार असतो.

निघण्याच्या दिवशी सकाळी राजपुऱ्यातल्या त्या घरी उरलेला दराबा डब्यांत भरून पाहुण्यांना वाटला जात होता. भाचीने आपला डबा घेतला, उघडून त्यातला एक घास खाल्ला, आणि झाकण लावून तो पिशवीत ठेवला. त्या वेळी तिने मोबाईल काढला की नाही, हे मी पाहिले नाही. पहारेकरी होण्याची माझी इच्छा नव्हती.